केबिनची सोबत

“पोपटराव, जरा चला की केबिनला.”

ड्रायर चालवणारा संपत स्टोअरच्या खिडकीत कोपरं टेकून उभा होता. हेल्मेट काखेत, कपाळावर त्याच्या पट्ट्याचा लाल वळ. पोपटरावांचा चहा अर्धाच झाला होता. तो कप त्यांनी तसाच एका खोक्यावर ठेवला, गेटपासचं पुस्तक उचललं आणि निघाले. कशाला, काय झालं, असलं काही त्यांनी विचारलं नाही. कुरकुंभच्या त्या केमिकल कारखान्यात केबिन म्हणजे वाबळे साहेबांची केबिन, आणि तिथं एकट्यानं जायचं नाही, हे नव्या माणसाला पहिल्या आठवड्यातच कळायचं. आग लागल्यावर कुठून पळायचं ते त्याला मागाहून शिकवत.

“मूड कसा हाय?” वाटेत संपतनं विचारलं.

“सकाळी मुंबईचा फोन येऊन गेलाय.”

“मेलो मग.”

वाबळे साहेब कारखान्याचे प्रमुख. ते लॅपटॉपकडं बघत होते आणि बघतच राहिले. समोर माणूस आला की लगेच मान वर करायची नाही, ही त्यांची रीत. संपत घसा खाकरून म्हणाला, “साहेब, ड्रायर बंद करून माल भरा असा तुमचा निरोप आला. पण पावडर ओली हाय अजून. हाताला चिकटतीय. रातभर चालू दिला पायजे.”

“ट्रक लागलाय ना खाली?”

“लागलाय.”

“मग भर.”

“गोळे व्हतील साहेब त्याचे.”

“तू केमिस्ट आहेस का? भर म्हटलं की भरायचं. लॅबचं मी बघतो.”

संपतनं एकदा पोपटरावांकडं बघितलं. “मग तेवढं मेलवर टाकता का साहेब? न्हाई म्हंजी, उद्या कुणी इचारलं तर...”

साहेबांनी आता कुठं मान वर केली. “माझा शब्द पुरत नाही तुला? मी सांगतोय ना, जबाबदारी माझी. का स्टॅम्पपेपरवर देऊ?”

पोपटराव भिंतीवरच्या तक्त्याकडं बघत उभे होते. केबिनमध्ये गेल्यावर त्यांची नजर नेहमी त्या तक्त्यावर असायची आणि कान बोलणाऱ्यांकडं. बोलणं संपलं तसा त्यांनी गेटपास पुढं केला. साहेबांनी न वाचताच सही ठोकली.

बाहेर आल्यावर संपत म्हणाला, “ऐकलं न्हवं?”

“सगळं ऐकलं. जा, भर बिनघोर.”

आता तुम्ही म्हणाल, केबिनमध्ये काय वाघ बांधला होता, की माणसानं सोबत घेऊन जावं? अहो, वाघ परवडला. वाघाचं निदान काहीतरी ठरलेलं असतं. वाबळे साहेब सकाळी एक बोलायचे, दुपारी त्याच्या उलटं बोलायचे आणि संध्याकाळी म्हणायचे, मी यातलं काहीच बोललो नाही. लेखी म्हणून काही द्यायचे नाहीत. मेल करायचा तो फक्त वरच्यांना, आणि त्यात स्वतःचं चांगलं तेवढंच. सगळा कारभार तोंडी. काम साधलं तर ते साहेबांनी केलेलं, फसलं तर ज्यानं हात लावला त्याचं. रोज सकाळी गेटच्या आत सगळ्यांना ओळीनं उभं करायचं, त्याला मीटिंग म्हणत. त्या मीटिंगमध्ये एकाचं कौतुक व्हायचं, तेसुद्धा शेजारच्याला टोचावं म्हणून. आणि एकाच्या डोक्यावर खापर फुटायचं. माणूस घरी जाऊन बायकोला धड सांगू शकणार नाही अशा भाषेत फुटायचं.

तसा माणूस राक्षस होता असंही नाही. मुंबईहून डायरेक्टरांचा फोन आला की खुर्चीतून ताडकन उठायचा आणि बोलणं संपेपर्यंत उभाच राहायचा. आवाजसुद्धा बारीक व्हायचा. पोपटरावांनी ते कितीदा तरी बघितलं होतं. वरून पडेल ते खाली ढकलायचं, एवढी एकच विद्या त्याला येत होती, आणि तेवढ्यावर त्याचं बरं चाललं होतं.

पोपटराव या भानगडीत पडले ते चुकून. एकदा ते सहीसाठी आत गेले, तर तिथं साहेब आणि फोरमनची जुंपलेली. साहेब म्हणत होते, मी गाडी उद्या लावायला सांगितली होती. पोपटराव भाबडेपणानं बोलून गेले, “न्हाई साहेब, आजच म्हणला व्हता तुमी. मी हितंच व्हतो की.” फोरमनचे डोळे पांढरे झाले. पण साहेबांचा त्या दिवशी मूड बरा होता. हसले आणि विषय सोडून दिला. झालं! दुसऱ्या दिवसापासून ज्याला त्याला पोपटराव हवे. कुणाला रजा मागायची असो, कुणाला मशीनचा पार्ट मागवायचा असो, “पोपटराव, जरा चला की.” पोपटराव गेटपासचं पुस्तक घेऊन मागं उभे राहिले की साहेबांची जीभ जरा जपून चालायची. पोरांनी त्यांचं नावच पाडलं, पंच.

नाव पोपट, पण गडी बोलायला तोलूनमापून. उभा जन्म दौंडच्या त्या एकाच वस्तीत काढला, स्टोअरमध्ये नट-बोल्ट देता-घेता केस पांढरे झाले. जयंतीच्या मंडळात खुर्च्या मांडायला हा माणूस पहिला आणि स्टेजवर बसायला शेवटचा. आपल्यावाचून कुणाचं काही अडतं, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं. खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडायचं. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले की बायकोला सांगायचे, आज कुणाकुणासंगं जावं लागलं ते.

ताईबाई भाकरी थापता थापता म्हणायची, “करवलीच झालाय तुमी. नवरीसंगं मिरवायचं, नांदायचं तिचं तिनं.”

“आगं, पण करवलीबिगर नवरी निघती का?”

त्यावर ताईबाई हसायची. मुलगी माया मात्र हसायची नाही. ती बी.कॉम. होऊन त्याच कारखान्यात खरेदी विभागात लागली होती, पण कंत्राटावर. ती म्हणायची, “पप्पा, ज्या ऑफिसात साक्षीदार घेऊन जावं लागतं ते काय ऑफिस आहे?” पोपटराव उठून हात धुवायला जायचे.

तर तो ट्रक गेला, आणि आठवडाभरानं गुजरातेतून तसाच परत आला. ड्रम उघडले तर आत पावडरीचे ढेकळाएवढे गोळे. गिऱ्हाइकानं मुंबईला कळवलं, मुंबईनं साहेबांना उभं केलं आणि साहेबांनी दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये संपतला पुढं बोलावलं.

“कुणाला विचारून ओला माल भरलास?”

“साहेब, तुमीच म्हणला.”

“मी? मी असं म्हणेन? अरे, तुम्ही मेंढरं राखणारी माणसं, तुम्हाला मशीन दिलं हीच कंपनीची चूक झाली.”

ओळीत कुणी हललं नाही. संपतचा चेहरा काळाठिक्कर पडला, पण तो घाबरला नव्हता. “घरचं राहू द्या साहेब. तुमी म्हणला, जबाबदारी माझी. पोपटराव व्हतं की तिथं.”

सगळ्यांच्या माना पोपटरावांकडं वळल्या. साहेबांनीसुद्धा बघितलं, आणि बहुतेक इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नीट बघितलं. मग म्हणाले, “ठीक आहे. पुण्याहून चौकशीला माणूस येतोय. तिथं काय ते सांगा.”

त्या दिवशी कँटीनमध्ये पोपटरावांना दोन ठिकाणांहून चहा आला. संपत तर निवांत होता. त्याचा बाप मल्हारी जन्मभर मेंढरांमागं रानोमाळ फिरला. संपत पर्मनंट झाला त्या वर्षी म्हाताऱ्यानं कळप मोडला, आता नको म्हणाला ही वणवण, आणि मग वर्षा-दोन वर्षांत गेला. आता घरात आई, बायको, शाळेत जाणारी दोन पोरं आणि कोरडवाहू रान. सगळी भिस्त या नोकरीवर. तरीही तो पोरांना सांगत होता, “मला काय व्हत न्हाई. पंच हाय माझ्याकडं.”

चौकशीच्या आदल्या दिवशी वॉचमन स्टोअरला आला. “पोपटराव, साहेबांनी बोलावलंय. एकट्यालाच या म्हणलेत.”

पोपटरावांनी सवयीनं गेटपासचं पुस्तक उचललं आणि परत ठेवलं. कुणाला तरी बरोबर घ्यावं असं मनात आलं. पण घ्यायचं कुणाला? इतके दिवस सगळ्यांबरोबर तेच जात होते. त्यांच्याबरोबर जायला दुसरा कुणी तयारच झाला नव्हता.

साहेबांनी ते आत आल्याबरोबर मान वर केली. “या पोपटराव, बसा.” चहा मागवला. बिस्किटंसुद्धा आली. मग साहेब जरा वेळ स्टोअरच्या रॅकबद्दल बोलले, तब्येतीचं विचारलं. पोपटराव खुर्चीच्या कडेवर टेकून होते.

“माया तुमचीच ना? हुशार आहे मुलगी. खरेदीचे मॅनेजर फार चांगलं बोलतात. आता पर्मनंट करायच्या लोकांची नावं माझ्याकडंच आलीत. तिचं करायला काही हरकत नाही.”

“उपकार व्हतील साहेब.”

“उपकार कसले? तिचा हक्क आहे. बरं, त्या दिवशी तुम्ही सहीसाठी आला होता. तुम्ही यायच्या आधीच माझं आणि संपतचं बोलणं झालं होतं. मी तर त्याला थांबायला सांगितलं होतं. तुम्ही उशिरा आलात, हो ना?”

पोपटरावांच्या हातात कप होता. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांनी चहाचा घोट घेतला. साहेबांनी तो घोट म्हणजेच होकार धरला. “मग उद्या तेवढंच सांगा,” म्हणाले आणि लॅपटॉपकडं वळले. धमकी नाही, आवाज नाही. पोपटरावांना वाटलं, आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. निदान राग तरी आला असता.

घरी त्यांनी काही सांगितलं नाही. माया जेवताना ऑफिसातलं काहीबाही बोलत होती. पर्मनंट झाले की गाडी घेईन, तुम्हाला बसला ताटकळायला नको, असं म्हणाली. पोपटराव मान खाली घालून जेवले. ताईबाईनं विचारलं, “बरं न्हाई का?” तर म्हणाले, “डोकं धरलंय जरा.”

चौकशीला पुण्याच्या ऑफिसातून करुणा मॅडम आल्या होत्या. बाई तशी भली. ट्रेनिंगच्या खोलीत टेबल मांडलं होतं, एका बाजूला साहेब, एका बाजूला संपत. मॅडमनी पोपटरावांना आधी पाणी दिलं आणि म्हणाल्या, “घाबरू नका. जे झालं तेवढंच सांगा. तुम्ही त्या दिवशी केबिनमध्ये होता?”

“व्हतो.”

“काय बोलणं झालं?”

संपत खुर्चीत रेलून बसला होता. त्याच्या तोंडावर काळजीचा मागमूस नव्हता, आणि तेच पोपटरावांना बघवेना. या खोलीत भिंतीवर तक्ता नव्हता. नजर कुठं ठेवावी हेच कळेना. त्यांनी ती टेबलाच्या पायावर ठेवली.

“मी सहीला गेलतो मॅडम. बोलणं... ते आदीच झालं असंल. मला काय ऐकाय आलं न्हाई.”

“काहीच नाही?”

“माझं ध्यान न्हवतं.”

संपत हसला. त्याला खरंच वाटलं, पोपटराव गडबडले. “अवं पोपटराव, असं काय करताय? मी मेलचं म्हणलो, साहेब म्हणलं स्टॅम्पपेपरवर देऊ का... भाईर आल्याव तुमी सोता म्हणला, सगळं ऐकलं म्हणून.”

“त्यांना बोलू द्या,” मॅडम म्हणाल्या. “पोपटराव, नीट आठवा. घाई नाही.”

बाईनं वेळ दिला. एखाद्याला वाचवायला पुरेल एवढा वेळ दिला. साहेब पेनाशी खेळत होते.

“मला आठवत न्हाई,” पोपटराव म्हणाले.

संपतचं हसू हळूहळू गेलं.  मॅडमनी आणखी चार प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं त्यानं हो किंवा नाही एवढीच दिली. एकदा फक्त त्यानं पोपटरावांकडं बघितलं. त्यात राग नव्हता. अनोळखी माणसाकडं बघावं तसं बघितलं, आणि पोपटरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारखान्यात त्यांना कुणी एका शब्दानं बोललं नाही. शिवी नाही, टोमणा नाही. कँटीनच्या बाकावर सरकून जागा द्यायचे, चटणी पुढं करायचे. फक्त स्टोअरच्या खिडकीत येऊन “जरा चला की” म्हणणारं कुणी उरलं नाही. फोरमन एकटा केबिनमध्ये गेला, शिव्या खाऊन आला आणि स्टोअरवरून जाताना दुसरीकडं बघत गेला. पोपटराव दिवसभर नट-बोल्ट मोजत बसायचे. मधल्या सुट्टीत चहा पूर्ण प्यायला मिळू लागला, तरी ते अर्धा कप तसाच खोक्यावर ठेवून द्यायचे.

संपतला सांगण्यात आलं, राजीनामा दे, नाहीतर काढून टाकल्याचा शिक्का बसेल आणि या एमआयडीसीत कुणी दारात उभं करणार नाही. त्यानं राजीनामा दिला.

आणि पर्मनंट झालेल्यांची नावं लागली, त्यात माया नव्हती.

पोपटराव फोरमनकडं गेले. जन्मात कुणाला म्हणाले नव्हते ते म्हणाले, “जरा चला की माझ्यासंगं केबिनला.”

“काम हाय वो जरा,” फोरमन म्हणाला. आणि त्याचं तरी काय चुकलं?

पोपटराव एकटेच आत गेले. साहेब लॅपटॉपकडं बघत होते, बघतच राहिले. पोपटरावांनी मायाचं नाव काढलं, तेव्हा कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “मी असं कधी म्हणालो?”

“साहेब, तुमी चहा पाजला व्हता. हितंच. म्हणला, हरकत न्हाई म्हणून.”

“कोण होतं तेव्हा इथं?”

 साहेबांनी उत्तराची वाट बघितली नाही. त्यांना उत्तर माहीत होतं. असल्या बाबतीत साहेबांची स्मरणशक्ती फार चांगली होती.

त्या संध्याकाळी पोपटरावांनी घरी सगळं सांगितलं. चहा सांगितला, बिस्किटं सांगितली, टेबलाचा पाय सांगितला. ताईबाईनं तोंडाला पदर लावला. माया उठून दारापाशी गेली. मग म्हणाली, “ऑफिसात सगळे म्हणत होते. मी म्हणत होते, माझे पप्पा असं करणार नाहीत. भांडले मी एकीशी.”

“तुझ्यापायीच केलं गं.”

“माझ्यासाठी केलं म्हणू नका पप्पा. मला विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते ते तुम्हाला ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाही तुम्ही.”

“आगं, बापासंगं असं बोलत्यात का?” ताईबाई म्हणाली.

“मग कसं बोलू?” माया रडायला लागली होती. “संपतदादाच्या घरी तरी जाऊन आलात का?”

ते गेले नव्हते.

रविवारी पोपटराव शेजाऱ्याची स्कूटर मागून निघाले. मळदच्या पुढं, हमरस्ता सोडून आत, माळाच्या कडेला चार घरांची वस्ती. संपत अंगणात शेळीच्या दावणीचा खुंटा ठोकत होता. त्यानं स्कूटर ओळखली नाही, माणूस ओळखला. उठून उभा राहिला.

“जय भीम पोपटराव.” इतकी वर्षं तो गेटवर म्हणत आला होता, तसाच म्हणाला.

“जय मल्हार,” पोपटराव म्हणाले आणि गाडी स्टँडला लावायच्या आधीच बोलायला लागले. “संपत, माझी चूक झाली. मी मॅडमला फोन करतो. आत्ता करतो, तुझ्यासमोर. सगळं सांगतो.”

“राहू द्या. मी सही केली, सगळं मिटलं. आता तुमी काय बी सांगितलं तर त्ये म्हणत्याल, दोघांनी मिळून रचलं.” त्यानं घराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. “एक करा. आईम्होरं यातलं काय काढू नका. तिला मी सांगितलंय, तुमी बोलला म्हणून.”

“मी बोललो?”

“मग काय सांगू तिला? रोज सांगायचो, कंपनीत काय बी हू दे, पोपटराव हायेत. नोकरी गेली, ते सोसलं तिनं. आपल्या पोराच्या बाजूनं एक माणूस बी उभा राह्यला न्हाई, ह्ये न्हाई सोसायची.”

 माफी मागायला आलेला माणूस, ती मागायची जागाच नाही उरली. तेवढ्यात संपतची आई सगुणाबाई दारात आली. वाळकी, उंच म्हातारी, हाताची सावली डोळ्यांवर धरलेली.

“कोण हाय रं?”

“पोपटराव आल्यात आये. कंपनीतलं.”

“आगं बया! पोपटराव?” म्हातारी लगबगीनं आत गेली आणि काळी घोंगडी घेऊन आली. “खाली बसू नका भाऊ. ही ह्येंच्या हातची हाय, कुणाला काढत न्हाई मी. बसा हिच्यावर. सूनबाई, ताट कर गं. शेंगोळी केल्यात, जेवल्याबिगर जायचं न्हाई.”

“मावशी, मी नुसता भेटाय आलोय.”

“भेटाय आला, म्हणूनच जेवायचं.”

पोपटराव घोंगडीवर बसले. ताट आलं. हुलग्याची गरम शेंगोळी, बाजरीची भाकरी, कांदा. म्हातारी समोर उकिडवी बसून त्यांच्याकडं बघत राहिली, पाहुण्याला नाही, देवाला जेवू घालावं तशी. “लई सांगायचा तुमचं आमचा संपत,” ती म्हणाली. “सोताच्या पोटाव पाय यील, ह्येचा इचार केला न्हाई तुमी. पोरीचं बी तिथंच हाय म्हणं तुमच्या. तरी बोलला. कोण करतंय आजकाल एवढं?”

पोपटराव भाकरीचा तुकडा मोडत राहिले. संपत खुंट्यापाशी तसाच उभा होता, पाठ करून.

“काय काय बोलला ते सांगा की,” म्हातारी म्हणाली. “ह्यो धड सांगतच न्हाई. नुस्तं बोललं म्हणतो. काय बोलला? साहेब काय म्हणला?”

“आये, जेवू दे की त्यास्नी,” संपत तिकडूनच म्हणाला.

“जेवत जेवत सांगतील. मला ऐकायचंय.”

पोपटरावांनी हातातला तुकडा ताटात ठेवला.  मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. 

“मी म्हणलो, मॅडम, मी तिथंच व्हतो. दोघांचं सगळं बोलणं माझ्यादेखत झालं. संपत म्हणला, पावडर ओली हाय, गोळे व्हतील. साहेब म्हणलं, तू केमिस्ट हाय का? भर म्हणलं की भरायचं. संपत म्हणला, मेलवर टाका. साहेब म्हणलं, माझा शब्द पुरत न्हाई का तुला? जबाबदारी माझी. का स्टॅम्पपेपरवर देऊ? ह्ये मी माझ्या कानानं ऐकलं. संपतनं तोंडावर सांगितलं व्हतं, त्याची काय बी चूक न्हाई. मी म्हणलो, त्याला काढायचं असंल तर आदी मला काढा.”

एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. शेवटचं तेवढं त्यांनी पदरचं घातलं. संपतची पाठ हलली नाही.

“असं म्हणला?” म्हातारीचे डोळे भरून आले होते.

“व्हय मावशी.”

“साहेबाच्या म्होरं?”

“साहेबाच्या म्होरं.”

“बास. मग गेली तर गेली नोकरी.” सगुणाबाईनं पदरानं डोळे पुसले. “तोंड वर करून फिरंल माझं पोरगं. कुणाची चोरी न्हाई त्याला.”

 मग संपत वळला. त्यानं हात झटकले, अंगणातून चालत आला आणि पोपटरावांकडं न बघता म्हणाला, “आये, गार झालं त्यांचं. दुसरं वाढ.”

पोपटरावांनी ताटावर हात आडवा धरला. म्हातारीनं तो बाजूला सारला आणि वाढलं.